प्रश्न नववा

२८ नोव्हेंबर
दोन नळ्या रक्त घेतलं! तपासणीला एक पुरते – मग दुसरी कशाला?
चर्चच्या सभागृहात चाळिशीपुढच्या पुरुषांची प्रोस्टेट कॅन्सरसाठी तपासणी, फुकट. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. लागोसहून आलेल्या डॉक्टर एफिओंगबाई म्हणाल्या, "दुसरी संशोधनासाठी, सर." अर्जाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात – नमुने परदेशी जाऊ शकतात. तरी मी सही केली. वाचून केली, हे आणखी वाईट.
निकाल जानेवारीत.

१ डिसेंबर
बाईंना आमची इजेबू बोली येत नाही. शाळा सुटली की म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून अर्ज मी भरतो. खरं कारण – बाईंवर लक्ष ठेवायला. निवृत्त पोस्टमास्तर ओशिफेसोबाबा म्हणाले, "मास्तर, माझं रक्त विमानात बसणार? मी अजून बसलो नाही! त्याच्याबरोबर मलाही पाठवा." सगळे हसले. मी नाही.
बाईंना सरळ विचारलं. "पुस्तकातली मापं बहुतेक गोऱ्या पुरुषांवरून काढलेली. आपल्याकडे हा आजार जास्त जोरात का येतो, ते आपल्या रक्तावाचून कसं कळणार? तुम्ही जीवशास्त्रच शिकवता ना, सर?"
उत्तर चोख. फारच चोख.

५ डिसेंबर
माझा थोरला भाऊ, लानरेदादा, तपासणीला येत नाही. "माझं रक्त माझ्यातच बरं." पण इबादानला बरा जातो – दुकानासाठी मोटारीचे सुटे भाग आणायला म्हणे. येतो मात्र रिकाम्या हाताने. मोरेनिके म्हणाली, "तुमच्या दादांनी तिकडे बाई ठेवलीय." बायकोला गप्प केलं आणि मग स्वतःच तारखा आठवत बसलो. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. अगदी नेमाने! स्वतःची लाज वाटली. तरी मोजल्या.

१४ डिसेंबर
हरमातानचा, वाळवंटाकडचा कोरडा गार वारा सुटलाय. ओठ फुटले, सकाळी स्वेटर. आणि दादा अंगणात बनियनवर, वर्तमानपत्राने वारा घेत, बर्फाच्या पाण्यात भिजवलेली गारी, कसाव्याची भरड, खातोय! वहिनी म्हणाल्या, "पन्नाशीत अंगात ऊब आलीय यांच्या. कुणामुळे, देव जाणे." एरवी दादाने उलट टोला हाणला असता. आज वर पाहिलं नाही.
म्हणजे आहेच कुणीतरी.

१९ डिसेंबर
सापडलं! अर्जांचा गठ्ठा चाळला. प्रश्न नववा – वडील, काका, भाऊ यांपैकी कुणाला हा आजार होता का? त्रेपन्न अर्ज, त्रेपन्न वेळा 'नाही'. इतक्या घरांत एकही नाही? कुणीतरी बसल्या बसल्या भरलेत. बाईंसमोर गठ्ठा आपटला.
त्यांनी शांतपणे पानं उलटली. "सर, यातली एकतीस तुमच्याच अक्षरात आहेत."

२० डिसेंबर
सगळ्यात वरचा अर्ज माझा. नाही.

२३ डिसेंबर
ओशिफेसोबाबांच्या भिंतीवर त्यांच्या धाकट्या भावाच्या निधनाचं पोस्टर अजून आहे. 'अल्पशा आजाराने'. मग गावभर भिंती वाचत फिरलो. सगळे अल्पशा आजाराने! जिवंतपणी कुणाला काही झालंच नाही या गावात.
आमच्या बाबांच्या पोस्टरवरही तेच होतं. नऊ वर्षांपूर्वी. मजकूर माझा. बाबा आठ महिने अंथरुणावर होते. कशाने, हे मी विचारलं होतं का? आठवत नाही. खोटं – आठवतं. विचारलं नव्हतं.

२६ डिसेंबर
आईने इकोकोरे, सुरणासारख्या कंदाचं कालवण, केलं होतं. जेवण होऊ दिलं, मग विचारलं. तिने भांडं घासायचं थांबवलं नाही.
"लघवी अडायची. मग ते पाठीच्या हाडात गेलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, मी तोंडात घेतलं नाही. तुझ्या बहिणी लग्नाच्या होत्या. माणूस जातो रे, आजार घराला चिकटतो. कोण आलं असतं दारात?"
"दादाला माहीत होतं?"
"उचलून न्हाणीत कोण नेत होतं? तू पेपर तपासत होतास."

६ जानेवारी
निकाल आला. आकडा काठावर. बाई म्हणाल्या, "घरात कुणाला नाही म्हणता, तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. असतं, तर आत्ताच पुढच्या तपासण्या सांगितल्या असत्या."
मी "बरं" म्हणालो.
बरं! मार्चमध्ये दादाच्या मुलीचं लग्न आहे. मुलाकडचे चौकशा करताहेत. महिनाभर त्या बाईवर पाळत ठेवली, आणि खोटं बोलणारा मी.

९ जानेवारी
दादाला सगळं सांगितलं – बाबांचं आईकडून कळलं ते, माझ्या आकड्याचं. वर्तमानपत्राने वारा घेत तो म्हणाला, "उद्या इबादानला चल. माझी बाई दाखवतो."

१० जानेवारी
रुग्णालय. नर्सने दादाला नाव न विचारताच आत घेतलं. बाबांचाच आजार. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, पुरुषी संप्रेरक दाबणारं. दोन वर्षं झाली. अंगातली ती ऊब त्याचीच.
बाहेर येऊन एफिओंगबाईंना फोन लावला. "प्रश्न नववा दुरुस्त करायचाय. वडील – हो. भाऊ –"
दादाने फोन माझ्या हातातून घेतला. "भावाचं भाऊच सांगतो."