आप्पांनी जोडलेली सायकल

आप्पा, तुमची सायकल आता चालत नाही. काल शहापुरात शाळेच्या फाटकाशीच पुढचं चाक वाकडं झालं आणि मी ती ढकलत दुकानात नेली. सायकलवाल्यानं तिला उलटीपालटी करून पाहिलं आणि कानडीत म्हणाला, "होसदु तगोरी, बाई." नवीनच घ्या. लढाई संपल्यापासून दुकानात पुन्हा नव्या सायकली दिसायला लागल्यात. बायकांची, मधला दांडा नसलेली एक हिरवी सायकल तिथंच उभी होती. मी तिची घंटी वाजवली, पायडल फिरवलं, वाकून साखळीही पाहिली. ती घ्यावी की तुमचीच पुन्हा जोडून घ्यावी, काही ठरेना. उद्या त्याला सांगायचं आहे. तुमच्यामागं आईही गेली, घरात विचारावं असं कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

हा प्रश्न आपल्या घरी एकदा येऊन गेला आहे. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा मोठ्या बाईंनी बजावलं होतं, घंटेआधी हजर, नाहीतर जागा दुसरीला. आपल्या गावाहून रोज चालत येणं जमणारं नव्हतं, आणि मला शहरात कुणाच्या घरी ठेवायला आई तयार नव्हती. म्हणजे सायकल, नाहीतर नोकरीवर पाणी. गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातला दुकानदार मुंबईहून तयार सायकल मागवून देतो म्हणाला होता. पण तुम्ही एका सकाळी भाताची पोती घेऊन कॅम्पात गेलात आणि येताना विलायतेला परतणाऱ्या कुठल्याशा मडमेच्या सायकलीचा सांगाडा बैलगाडीत घालून आणलात. चाकं नाहीत, साखळी नाही. आई दारातच उभी. "तयार मिळतीया तर घ्या की! लेक कामावर जाणार हाय, का ह्यो सापळा पुजत बसणार हाय?" तुम्ही तो अलगद उतरवत म्हणालात, "तयार घिऊन काय कळणार? वाटंत मोडली तर एकलीच असंल ती. जोडताना बघितलं तर मोडल्यावर भिणार न्हाय." कारण खरं होतं, पण अर्धंच. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचाच तुम्हाला ध्यास लागला होता. गावात कुणी पाहुणा सायकलवरून आला की तुम्ही त्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या चाकापाशी उकिडवे बसायचात.

मग दर बाजाराला एकेक वस्तू यायला लागली. खळ्यावर पोतं अंथरून आपण बसलोय. तुम्ही चाक फिरवता, कान लावून ऐकता आणि पाना माझ्या हातात देऊन म्हणता, "आता तू आवळ." एकदा मागचं चाक उलटं बसवलं आणि साखळीचं दात्यांचं चक्र पलीकडच्या बाजूला राहिलं. मला रडू आलं, तुम्ही मात्र हसत सुटलात. "ह्ये बरं झालं बघ! आता असं का न्हाय चालत, त्ये कळलं." आईनं कपाळावर हात मारला आणि चहा ठेवून निघून गेली.

नोकरीचा पहिला दिवस उजाडला. सायकल पळत होती, पण ब्रेक दाबला की किंचाळायची. गाडीवान माणूस तुम्ही. करकरणारी गाडी म्हणजे धन्याची नाचक्की, असं तुमचं म्हणणं, आणि वंगण घातल्याशिवाय तुमची गाडी कधी गावाबाहेर पडली नाही. तुम्ही पहाटे उठून गाडीचं वंगण चिंधीनं सायकलीला चोपडलंत. आसाला, साखळीला, आणि किंचाळत होते त्या ब्रेकच्या रबरांना नि चाकांच्या लोखंडी कड्यांनाही! आईनं हँडलला कुंकू लावलं. मी निघाले आणि गावाबाहेरच्या उतारावर ब्रेक लागेना. चाकं भणाणली, पदर सुटला, आणि वळणावर मी सायकलीसकट नांगरलेल्या शेतात जाऊन पडले. तुम्ही धावत आलात, तोंड पांढरंफटक. "लागलं का गं? लई भ्यालीस न्हवं?" मी "न्हाय" म्हणाले, पण तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही डोक्याचा पटका काढून चाकांची कडी घासूनपुसून कोरडी केलीत आणि मी मातीनं भरलेल्या लुगड्यानिशीच घंटेआधी शाळेत पोचले. त्यानंतर रोज मी निघायच्या आधी तुम्ही धोतराच्या सोग्यानं ती कडी पुसायचात. शेवटी अंथरुणाला खिळलात तरी आईला विचारायचात, "पुसली का तिची चाकं?" तेव्हा मला तुमची फार माया यायची, आणि हसूही.

तुम्हाला विचारता विचारता ठरलं, आप्पा. हिरवी सायकल देखणी आहे, पण तिच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नाही. सांगाडा तोच ठेवणार, चाकं नवी घेणार, आणि जोडताना मी पोतं अंथरून शेजारी बसणार आहे. हा कागद घडी करून सीटमागच्या पिशवीत पान्याजवळ ठेवते.

एक राहिलं. त्या दिवशी उतारावर मी ब्रेक एकदाच दाबला होता. तो लागला नाही, आणि मी पुन्हा दाबलाच नाही. मला बघायचं होतं, तुम्ही जोडलेली सायकल किती पळते ते.