बिनमिठाची बरणी

३ डिसेंबर
आजपासून आयुष्य बदललं. मोबाईलवर व्हिडिओ बघितला. भाज्या आंबवल्या की त्यात चांगले बॅक्टेरिया होतात आणि ते वाईट बॅक्टेरियांना मारणारं रसायन सोडतात. फुकटात!
संकल्प : चौदा तारखेच्या भरीत पार्टीत माझी बरणी मध्यभागी. दरवर्षी मेव्हणा कुंदन शिंदखेड्याहून येऊन वांगी भाजतो आणि सगळे त्याच्या नावाने बोटं चाटतात. मळा माझा, वांगी माझी! यंदा बघतोच.

४ डिसेंबर
गाजर-मुळा पाण्यात घालून ठेवले. व्हिडिओत मीठ घालतात. मला बीपीमुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मग जे माझ्या पोटात येऊन राहणार त्यांनाही बंद. मंदा म्हणाली, बिनमिठाचं कुठे टिकतं का? बायकोला सायन्स सांगणं कठीण.

७ डिसेंबर
पाणी गढूळ. सैन्यभरती जोरात दिसते.

९ डिसेंबर, सकाळी
वर हिरवट साय. संरक्षक कवच! मंदाने नाक धरून माहेरच्या बोलीत जाहीर केलं, बठ्ठं सडी गयं शे. समजावलं, सडलं काही नाही, हा वास मेलेल्या शत्रूंचा. तिने बरणी गोठ्यात नेऊन ठेवली.

१० डिसेंबर
म्हैस दावं तोडून पळाली. मुक्या जनावराला शक्ती आधी कळते.

१२ डिसेंबर
हात धुणं बंद. आता आतूनच बंदोबस्त.
कुंदनचा फोन. वांगी किती भाजायची? म्हटलं, कमीच. लोक भरिताकडे बघणार नाहीत. हसला. हसून घे लेका.

१४ डिसेंबर, दुपारी
मळ्यात पार्टी. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. बरणी उघडली. अख्खी पंगत वाऱ्याची दिशा बघून सरकली. कुंदन हात जोडून म्हणाला, दाजी, नका खाऊ. घाबरला! सगळ्यांसमोर वाटीभर खाल्लं.

संध्याकाळी
पोटात लढाई सुरू. आपले जिंकतायत.

नंतर
आपले कुठे गेले?

१६ डिसेंबर, दवाखाना
हाताला सुई, वर बाटली. काय आहे विचारलं. सलाईन. म्हणजे काय? मिठाचं पाणी, म्हणाले. तेच डॉक्टर, मीठ बंद करणारे! मंदा म्हणाली, चिमूटभर बरणीत टाकू दिलं असतं तर?
डोळे मिटून घेतले. अशक्तपणा आहे.
कुंदन डब्यात भरीत घेऊन आला. मला पथ्य. खोलीतल्या सगळ्यांनी खाल्लं. डॉक्टरांनीही बोटं चाटली. कुंदनच्याच नावाने.