पाठीतल्या सुया

सुया पाठीत होत्या आणि तोंड मसाजच्या टेबलाच्या भोकात, तेव्हा थेरपिस्टने विचारलं, "आज किती दुखतंय? बी ऑनेस्ट, ओके?" बाबा, मी म्हणालो, "फाइन." कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली माझी बायको उसळली. "फाइन काय फाइन! सकाळी पँट चढवायला मला हाक मारतोस, तिला सांग की ते." मी फरशीकडे बघत राहिलो. त्या भोकातून दुसरं काही दिसत नाही.

तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर मी परदेशात आलो, इथल्या सैन्यात भरती झालो, ट्रकवरून पडलो, कंबर गेली, नोकरी सुटली. माजी सैनिक म्हणून ग्वेल्फच्या एका क्लिनिकमध्ये दर मंगळवारी माझं अ‍ॅक्युपंक्चर आणि मसाज व्हायचा, खर्च सरकारचा. मंजूर खेपा काल संपत होत्या. पुढच्या हव्या असतील तर अजून दुखतं असं मी सांगायचं आणि थेरपिस्टने ते वर कळवायचं. एवढंच काम होतं.

बेळगावच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. मी दुसरीत आहे. उकळतं दूध माझ्या पायावर सांडतं. आई धावते, तुम्ही तिला हाताने अडवता. जेवायला आलेले तुमचे दोन जवान पाटावर बसलेले. "सुभेदाराचा पोरगा ना तू? मग फडकं घे." मी दूध पुसतो. पाय पुसतो तेव्हा फडक्याला कातडी चिकटून येते. "बघा," तुम्ही त्यांना म्हणता, "आवाज नाही." ते खाली बघून जेवतात. हसता फक्त तुम्ही. मग तुमच्या ताटातली जिलबी तुम्ही स्वतःच्या हाताने मला भरवलीत. तसं त्याआधी कधी केलं नव्हतंत. मी ती खाल्ली. आवडली.

थेरपिस्टने एकेक सुई काढली. "सो, फाइल क्लोज करूया?" बायको म्हणाली, "अरे, बोल." मी मान हलवली, हो म्हणून. बायकोने गाडी मिल्टनला घरापर्यंत आणली. गाडी लावल्यावर म्हणाली, "तुझे बाबा मेलेत. तुला उचलायला मी आहे, आणि मला आता होत नाही. त्यांनी निदान तुला जिलबी दिली. मला काय देणार आहेस?" मी दार उघडलं आणि उतरताना कंबरेत कळ आली तरी ओरडलो नाही. ती ते बघत होती.

हे पत्र कुठेच जाणार नाही. गेलं असतं तरी तुम्ही ते जवानांना वाचून दाखवलं असतंत. एक सांगतो. सुयांनी फारसा फरक पडत नव्हता. आठवड्यातून एकदा कुणीतरी पाठीवर हात ठेवून "इथे का?" असं विचारायचं, म्हणून मी जायचो.

आज सकाळी क्लिनिकमधून फोन आला. माझी मंगळवारची वेळ दुसऱ्या पेशंटला दिली आहे आणि मी बरा झालो याचा सगळ्यांना आनंद आहे, असं त्यांनी सांगितलं. मी थँक यू म्हणालो.