पुन्हा कुणाला टाकीत उतरावे लागू नये म्हणून

आधी घडले ते, क्रमाने.

१. ९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी माझा थोरला भाऊ प्रसेनजीत आमच्या घरामागच्या गोबरगॅसच्या टाकीत शिडी लावून उतरला. आत शेणाच्या पाण्यावर घट्ट साय धरली होती, ती फोडायची होती.

२. टाकीचे झाकण त्याने आदल्या संध्याकाळी उघडून ठेवले होते. तेवढ्याने आतली हवा बदलते अशी त्याची समजूत होती. ती बदलत नाही.

३. हवा तपासायचे मीटर मागून आणायला मी कागलला गेले होते. त्याने वाट पाहिली नाही.

४. वडील टाकीच्या तोंडाशी उभे होते. प्रसेनजीतचे शेवटचे वाक्य त्यांनी पोलिसांना सांगितले: "आबा, वास गेला की." सडक्या अंड्यासारखा वास येणारा टाकीतला विषारी वायू वाढला की आधी नाक बधिर करतो. वास गेला तो त्यामुळे. त्यानंतर प्रसेनजीत कोसळला.

५. मी पोचले तेव्हा वडिलांचा एक पाय शिडीवर होता. मी त्यांना मागे ओढले, शिडी वर काढली आणि तिच्यावर आडवी पडले.

६. पंख्याने आत हवा सोडून, शेजाऱ्यांच्या मदतीने, गळ टाकून प्रसेनजीतला वर घेतले. तो मरण पावला होता.

७. वडील जिवंत आहेत.

अशी हकीकत मृत्युपत्रात लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मी त्याच टाकीत उतरणार आहे, म्हणून हे मृत्युपत्र लिहावे लागले. पुढचे क्रमांक त्याच ओळीने चालू ठेवते.

८. मी, तेजस्वी जोतीराम कुरणे, वय २९, यंत्र अभियांत्रिकीची पदविकाधारक, पूर्वी कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका कारखान्यात तंत्रज्ञ, सध्या स्वतःचे काम, राहणार करंजखोल, ता. राधानगरी, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर दबाव आला तो एकच: माझी मैत्रीण पूर्णिमा, जी त्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, "असलं काही लिहू नकोस" म्हणाली. तो मी मानला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी पूर्णिमानेच करावी.

९. जमीन. घर ज्या जमिनीवर आहे ती आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आहे. ती कधीच माझी नव्हती, म्हणून तिच्याबद्दल इथे काही नाही. माझा चुलतभाऊ संघर्ष याने हे कलम दोनदा वाचावे.

१०. ओढ्यावरचे जनित्र. भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर, सायकलची चाके आणि आबांनी घडवलेली पाती यांचे ते केलेले आहे. पहिल्या वर्षी त्यावर एकच दिवा लागत होता, तोही ओढ्यात कुणी भांडी घासायला बसले की मिणमिणायचा. खालच्या गल्लीत आमच्या घराला "लॅबोरेटरी" म्हणायचे, कौतुकाने नव्हे. पुढे एका पावसाळ्यात विजेचे खांब पडून सगळी वाडी अंधारात असताना तेच लोक मोबाईल चार्जिंगला घेऊन आमच्या ओसरीवर बसले. प्रसेनजीत त्यांना चहा द्यायचा आणि "लॅबोरेटरीचा चहा हाय, जपून प्या," म्हणायचा. हे जनित्र माझ्या आईला, आक्काताई कुरणे हिला, द्यावे. जानेवारीपासून आई आणि आबा कोल्हापुरात मावशीकडे राहतात. तिथे आईला झोप लागत नाही. लाईटबिल बघितलं की छातीत धडधडतंय, असे तिने पूर्णिमाला फोनवर सांगितले. माझ्या बँकेतली शिल्लकही आईचीच.

११. सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या वाडीतल्या बुद्धविहाराला. बॅटरीत विकतचे डिस्टिल्ड पाणीच घालावे. ओढ्याचे पाणी काचेसारखे दिसते, तरी घालू नये.

१२. वेल्डिंगचे यंत्र, ड्रिल आणि माझी हत्यारे मामाची मुलगी अक्षता हिला. ती आयटीआयला आहे आणि घेतलेली वस्तू जागेवर ठेवते. लाल पेटीतली हत्यारे प्रसेनजीतची आहेत. ती मी कुणाला देऊ शकत नाही. आबांनी ठरवावे.

१३. शिडी संघर्षला द्यावी. प्रसेनजीतच्या जलदान विधीच्या दिवशी मांडवात तो म्हणाला, "जागेसाठी भावाला आत ठेवला हिनं." तेव्हा मी पाणी वाढत होते, वाढत राहिले. शिडीबद्दल आमच्या घरात त्याच्याइतके कुणीही बोललेले नाही. ती मजबूत आहे. वापरायची झाल्यास खाली कुणाला तरी धरायला उभे करावे.

१४. आता टाकीत का उतरायचे ते. आतला गाळ आणि साय बाहेरून काढता यावी म्हणून अशा टाकीला कडेने एक रुंद, तिरपा पाइप ठेवतात. आमच्या खड्ड्यात त्या बाजूला खडक लागला. प्रसेनजीत म्हणाला, पाइप राहू दे, चार-पाच वर्षांनी उतरून साफ करू. आराखडा आमचा दोघांचा होता. वर्षभरात वाडीतल्या पाच घरांनी तो बघून तशाच टाक्या बांधल्या, कारण आमची शेगडी निळी पेटत होती आणि त्यांच्या बायका सरपणाला जंगलात जात होत्या. त्या पाचही टाक्यांत आता साय धरू लागली असेल. कुणीतरी एका सकाळी शिडी लावणार.

मी पाचही घरी जाऊन सांगितले. सगळ्यांनी मान हलवली. शेजारचे केरबा डवर तेवढे स्पष्ट बोलले. "व्हय, पटलं. पर मग साफ करायची कशी, त्ये सांग की." त्यांना दाखवता येईल असे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता आहे. खडक फोडून बाहेरचा चर तयार आहे आणि पाइप आणून ठेवला आहे. भिंत बाहेरून फोडता येते. मात्र पाइपाचा जोड आतून लिंपल्याशिवाय टाकी गॅस धरत नाही. तेवढ्यासाठी एकाने आत जायचे आहे. आमच्या टाकीत हे जमले तर बाकीच्या पाच मी याच पद्धतीने एकेक करून देणार आहे. त्यानंतर कुणालाच उतरावे लागणार नाही.

टाकीत जानेवारीपासून शेण घातलेले नाही. ती उपसून रिकामी केली आहे आणि पंखा सुरू आहे. तरी भिंतीचा वाळलेला गाळ खरवडला की अडकलेला वायू सुटतो. धोका कमी आहे. नाही असे मी लिहिणार नाही.

१५. या मृत्युपत्रातले सर्वांत महत्त्वाचे कलम हे आहे. मी आत पडले तर कुणीही खाली उतरू नये. माझ्या अंगात पट्टा असेल, तो टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या साखळी-पुलीला जोडलेला असेल. ओढून घ्यावे. साखळी अडकली तर सोडवावी. सुटली नाही तर पंखा चालू ठेवून मदत बोलवावी. मी हाक मारली तरी उतरू नये. हाक मारणारी मी त्या वेळी शुद्धीवर असेन असे नाही. आज आहे, म्हणून आजचे ऐकावे.

१६. मी मेले तर डोळे दान करावेत. त्रिसरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत.

१७. वर कोण उभे राहणार हे अजून ठरलेले नाही. मीटरवर पूर्णिमा असेल. साखळीवर एक माणूस लागतो. मी केरबांना विचारले. ते म्हणाले, "तू पडलीस तर मी वरनं बघत उभा ऱ्हाऊ व्हय? उडी टाकीन की गं पोरी." म्हणून त्यांना ठेवता येत नाही. ते चांगले आहेत. आत उतरून मरणारे बहुतेक जण चांगलेच असतात. कारखान्यात आम्हाला शिकवताना हेच सांगत. आणखी दोघांना विचारले. दोघेही लगेच म्हणाले की आम्ही अजिबात उतरणार नाही. इतक्या लगेच म्हणाले की मी तो विषय सोडला.

आबा साखर कारखान्यात फिटर होते. साखळी-पुलीवर त्यांच्याइतका हात बसलेला माणूस वाडीत नाही. पण मी त्यांचे नाव घेते त्याचे कारण ते नाही. आबा लगेच हो म्हणणार नाहीत. ते म्हणाले, तर पाळतील.

दवाखान्याच्या आवारात आबा माझ्याशी शेवटचे बोलले. "मला वाचवायला तुला कुणी सांगितलंतं?" त्याचे उत्तर कागदावर देण्यासारखे नाही. शिडी वर काढली याबद्दल मी माफी मागत नाही. त्यांनीही मला माफ केल्याचे सांगायला येऊ नये. साखळीवर उभे राहायला यावे.

१८. काम पार पडून मी जिवंत वर आले तरी हे मृत्युपत्र कायम राहील. पुढे पाच टाक्या आहेत.

सही: तेजस्वी जोतीराम कुरणे
ठिकाण: करंजखोल, ता. राधानगरी, जि. कोल्हापूर
दिनांक: २० एप्रिल २०२५

तेजस्वीने वरील सही आम्हा दोघांच्या देखत केली आणि आम्ही तिच्या देखत केल्या. आम्हाला यात काही ठेवलेले नाही, ते बरोबर आहे.

साक्षीदार १: पूर्णिमा विजयसिंह इंगवले, कागल
साक्षीदार २: केरबा बाळू डवर, करंजखोल (वाचून बघितलं. कलम १५ पटलं न्हाय. सही करतो.)

प्रत: श्री. जोतीराम कुरणे, कोल्हापूर. केरबांच्या हस्ते.

आबा, काम शनिवारी, १० मे रोजी धरले आहे. वळीव सुरू झाले की चरात पाणी भरेल, मग काम पुढच्या वर्षावर जाईल. साखळीवर तुम्ही उभे राहावे आणि कलम १५ पाळावे, ही विनंती आहे. दोन्ही जमत असेल तरच हो म्हणावे. तुमचे नाही असेल तर मी उतरणार नाही. आपली टाकी दगड भरून बंद करीन. दुसऱ्यांच्या पाच मला बंद करता येणार नाहीत.

बोलायला नको असेल तर केरबांकडे निरोप द्यावा. हो किंवा नाही, एवढे रविवार, ४ मे पर्यंत कळवावे.