उपास आणि उपाशी

संध्याआक्का,

चांदवडच्या ढाब्यावरून लिहितोय. इथली मिसळ झकास आहे, पण ते राहू दे. आपली आई चोरून गोड खात नाही, हे मी छातीठोक सांगतो.

आमचा ट्रक ड्रायव्हर सावळीराम साखरेचा जुना पेशंट आहे. तो म्हणाला, "उपाशीपोटी म्हणजे रात्रीपासून पाण्याशिवाय काही नको. जेवल्यावर साखर वाढणारच, म्हणून दोन तासांनी वेगळी मोजतात."

"साबुदाणा चालतो ना?"

"अरे येड्या, उपास वेगळा, उपाशी वेगळं!"

त्या सोमवारी लॅबवाल्यानं विचारलं, "मावशी, उपाशी ना?" आई ऐटीत म्हणाली, "तर! कडक उपास." तासाभरापूर्वी खिचडी मीच वाढली होती. साखर एकशे ऐंशी निघाली, डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि तू तिच्याशी बोलणं टाकलंस. मी निघालो तेव्हा दुपारचे तिचे हातपाय थरथरत होते; वाढवलेल्या गोळीनं साखर फार खाली जात असणार.

हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर थांबण्यापेक्षा मीच परत फिरतो आणि आजच तिला डॉक्टरांकडे नेतो. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण आईशी बोल.

तुझा भटक्या भाऊ,
मयूर