तुझी काठी शिवेपलीकडे गेली

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून तो कागदावरच घालतो.

पत्रास कारण की, तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुझ्याशिवाय दुसरा अधिकारी मला सापडत नाही. तू मला करून दिलेली तेंदूची काठी चार बोटं लांब होती. चार बोटं! मी मोजली आहेत. बालाघाटच्या इस्पितळातून मला घरी आणलंस, दुसऱ्याच दिवशी जंगलात गेलास, काठी तोडलीस, सोललीस, तिला तेल पाजलंस. सगळं यथासांग. पण माप कुणाचं घेतलंस? स्वतःचं! आजारी मी, काठी माझी, आणि उंची तुझी. हा कुठला न्याय? पाच महिने ती टेकून चालताना माझा उजवा खांदा कानाला लागलेला असे. लोकांना वाटायचं, गुरुजी कशालाही 'मला काय ठाऊक' असंच म्हणतात.

तेव्हाच तुला म्हटलं होतं, बुडाकडून जरा काप. तर तू काय म्हणालास? "कापू नोको. तू बरा होशीन, सरळ उभा राह्यशीन, मंग बराबर येते." आणि ती बरोबर येते की नाही हे पाहायला मात्र थांबला नाहीस. चैत्रात जेवून उठलास, हात धुवायला अंगणात गेलास, आणि तिथेच आडवा झालास, तो कायमचा. आयुष्यात कधी शिंकला नाहीस तू! घरात आजारी माणूस मी होतो, दादा. रांग मोडायची तुला एवढी काय घाई होती?

असो. तक्रार आता निरर्थक आहे. ती काठी काल सकाळी शिवेपलीकडे गेली. मीच फेकली. कशी ते सांगतो, पण तू रागवायचं नाही. या पत्रात रागवायचा हक्क फक्त माझा.

परवा पोळा झाला. बैल धुतले, सजवले, ओवाळले. वहिनीनं दारात पळसाचा मेढा उभा केला, रात्रीत घरातले रोग त्याच्यात उतरायला आणि दुसऱ्या पहाटे घरच्या माणसानं तो पळत नेऊन शिवेपार फेकायला. तू आणायचास तसली झाडाएवढी फांदी नव्हे; माझ्या छातीएवढी, हाताला झेपेल अशी. तेवढ्यात शेजारचा डोमाजी आला. आपल्या शेजारधर्माचा तुला ठाऊकच आहे तो सूर: "वहिनी, उद्या तुमच्या घरचा मेढा मीच नेतो माह्या मेढ्यासंग. घरी मानूस नाई त, आता..."

घरी माणूस नाही! मी तिथेच खाटेवर बसलो होतो. पाच फूट तीन इंच, सवस्त्र, सप्राण, दोन गुडघ्यांत तुझी काठी धरून. डोमाजीच्या नजरेला मी बहुधा खाटेचा पाचवा पाय दिसलो असेन.

मी वहिनीकडे पाहिलं. ती हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती आणि मेढ्याकडे बघत होती. ती 'हौ' म्हणणार होती, दादा. ओठ हलले होते. आपल्या गावात एकदा ज्या घराचा मेढा शेजाऱ्यानं नेला, त्या घराला पुढच्या साली कुणी विचारतसुद्धा नाही. नेतातच. मग एखाद्या वर्षी त्या दारात मेढा उभाच राहत नाही. राखमाबाईच्या घराचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. एवढं सगळं त्या क्षणी माझ्या मनात आलं असं म्हणणं शूरपणाचं होईल. खरं म्हणजे मला राग आला होता, आणि तोंडातून निघून गेलं, "मी नेतो."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "डाक्टरनं काय सांगतलं तुमाले?"

"धावू नका म्हणाला. मी चालत जाईन."

"मेढा घेऊन कोनी चालते काय?"

डोमाजी हसला नाही, हे त्याचे उपकार.

माझ्या प्रकृतीची वस्तुस्थिती तुला ठाऊक आहे, तरी नोंदवून ठेवतो, कारण पुढं ती लागणार आहे. माघात छातीत पाणी झालं. डाव्या कुशीत सुई खुपसून डॉक्टरांनी ते काढलं, आणि तू भांड्यात डोकावून म्हणालास, "येवढ्यात धानाची एक बांधी भिजली असती." सहा महिने धावणं नाही, चढणं नाही, ओरडणं नाही. शाळेत रजेचा अर्ज दिलाय. राज्यांच्या वाटणीत नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो तेव्हापासून अर्ज हिंदीत चालतो; त्यात मी 'स्वास्थ्य-लाभ हेतु' असं शुद्ध लिहिलं आहे. ज्या माणसानं हे सहीनिशी लिहून दिलं, तोच काल पहाटे धोतर खोचून, गावाची गुरं जमतात त्या आखरावर उभा होता. डाव्या हातात काठी, उजव्या हातात मेढा. आधीचा दिवस अन् रात्र पाऊस. वीस-बावीस घरांची माणसं, माझ्याहून सगळी धडधाकट, आणि सगळी माझ्याकडे अशी बघत होती की जणू घालवायचा रोग तो मीच.

"राई-रोग, खासी-खोकला घेऊन जाय वं नारबोद!" अशी रोगराई नेणाऱ्या नारबोदच्या नावानं आरोळी उठली आणि सगळे पळत सुटले.

मी दहा पावलं चाललो. शब्दाला जागून, बरोबर दहा. अकराव्याला पाय आपणहून पळायला लागले. आपल्याच घराण्याचे पाय. माझं कधी ऐकलंय त्यांनी?

दादा, तू तीस वर्षं बांध्यांमधल्या त्या धुऱ्यांवरून पहिला यायचास, आणि मी दरवर्षी आखरावर छत्री घेऊन उभा राहून 'फार छान' म्हणायचो. आता एक विचारतो. धुरा पाऊलभर रुंद, वरून लोण्यासारखा, दोन्ही बाजूंना गुडघाभर धान आणि त्याखाली न दिसणारा चिखल-गारा. यावरून माणसं पळतात, हे मला आधी कुणी समजावून का सांगितलं नाही? संस्कृतात चिखलावर जेवढं म्हणून वाचलं, त्यात कमळ उगवतं. आपल्या बांधीत कमळ नव्हतं. खेकडे होते. एकानं माझ्या अंगठ्याशी ओळख करून घेतली, मी उडी मारली, आणि थेट डोमाजीच्या बांधीत कंबरेपर्यंत गेलो.

पडलो तेव्हा हातातलं सगळं सुटलं. चाचपून चाचपून दोन्ही वस्तू काढल्या. दोन्हींवर सारखाच चिखल. मेढ्याची पानं त्या बांधीतच राहिली. डोळ्यांत चिखल, छातीत भाता, आणि कानांत माझाच श्वास. पण उठलो! पुन्हा पळालो! तुला खोटं वाटेल, मलाही वाटतंय, पण त्या शेवटच्या तुकड्यात मला मजा आली.

शिवेच्या दगडाशी डोमाजी एकटा उभा होता. तो पहिला आला होता. पहिल्या आलेल्यानं शेवटच्या घराचा मेढा पडेस्तोवर थांबायचं, हा नियम तूच पाळून पाळून पक्का केलास. शेवटचं घर अर्थातच आपलं. मी उजवा हात मागं नेला आणि जीव खाऊन फेकलं. काय फेक होती! शिवेचा नाला ओलांडून पार पलीकडच्या गावाच्या बांधीत. डोमाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, थक्क झाला.

मग परत निघालो. मागं वळून पाहायचं नाही, आपल्या दारात पाय धुवेस्तोवर बोलायचं नाही, आणि टाकलेलं परत आणायचं नाही. मी तिन्ही नियम पाळले. डोमाजी माझ्यामागून चालत होता आणि खोकत होता. साधं नव्हे, अगदी ठसकून, थांबून, पुन्हा. मला संताप आला. आजारी माणसाच्या खोकल्याची नक्कल! मी पाय उचलले. तो आणखी मोठ्यानं खोकला. शिवेपासून घरापर्यंत आमची ही जुगलबंदी चालली होती.

दारात वहिनीनं पायांवर पाणी ओतलं. मग हातांवर. मग मी टेकून उभा होतो त्यावर. चिखल उतरला आणि तिचा तांब्या तसाच थांबला.

"भाऊजी, काठी कुठी हाये?"

"ही काय."

"हा त मेढा होय!"

त्याच क्षणी डोमाजीनं आपल्या दारात पाय धुतले असावेत, कारण कुंपणापलीकडून त्याचा आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "गुरुजी! काठी फेकली नं तुमी, अन् मेढा वापस आनला! कवापासून खोकून राह्यलो मी, तुमाले समजे ना काय?"

झालं! घरादाराचे रोग शिवेपार करायला निघालेला पंडित, ते सगळे हातात धरून, वर त्यांनाच टेकून, घरी परत आला. गावाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. अशा वेळी काय करायचं याचा नियमही नाही. एवढा मूर्ख कुणी असेल हे पूर्वजांना सुचलं नसावं.

वहिनी ओट्यावर बसली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर चुलीजवळचं काहीतरी फेकून मारेल. मग ती उठली, मेढा घेतला, माझ्या बाजूला उभा करून पाहिला.

"बराबर होते तुमाले," ती म्हणाली. "राहू द्या आता. सालभर याच्यावरच चाला."

"पण वहिनी, हा घरात..."

"आनला कोनं?" आणि थोड्या वेळानं, पाठमोरी होऊन, "तुमच्या भावानं पाह्यलं असतं त..."

संध्याकाळी डोमाजी येऊन बसला. मी त्याला धारेवर धरायला तयार होतो, पण त्याचा चेहराच उतरलेला. "पह्यला आलो, गुरुजी," तो म्हणाला. "आजवर तुमच्या भावाच्या पाठीकडं पाहू पाहू पळालो. आज समोर कोनीच नाई. धुरा चुकलो दोनदा." मग चहा प्यायला, आणि जाता जाता मला म्हणाला, "तुमी फेकता मातर जोरदार." त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

आज सकाळी मेढ्यावर टेकत शिवेपर्यंत गेलो. हळू गेलो, शपथ. खांदा कानाला लागला नाही. पळस तो पळस, मधेच कुरकुरतो. पण मापात आहे, हे कबूल करतो. तुझी काठी पलीकडच्या बांधीत रोवल्यासारखी उभी आहे. तिच्यावर एक खंड्या बसला होता. त्याला ती लांब वाटत नसावी. इथून मलाही वाटली नाही. दोन उड्यांत नाला ओलांडून आणता आली असती. पण टाकलेलं परत आणायचं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. काठी, खेकडे, डोमाजी, हे सगळं वेळ काढणं होतं.

काल दुपारपासून श्वास पुरता घेतला की डाव्या कुशीत दुखतं. तीच जागा. थकव्याचं दुखणं मला ओळखता येतं, हे ते नाही. वहिनीला सांगितलेलं नाही. ती स्वयंपाकघरातून विचारते, "बरं हाये नं?" आणि मी आखूड श्वासात 'हो' म्हणतो. मला काळजी एकाच गोष्टीची आहे. मला काही झालं तर पुढच्या पोळ्याला डोमाजी दारात येईल, तेच विचारील, खाटेवर कुणी नसेल, आणि वहिनी 'हौ' म्हणेल.

म्हणून तुला वचन देतो. सोमवारच्या पहिल्या बसनं बालाघाटला जाईन, वहिनीला बरोबर घेऊन. आज जेवायच्या आधी तिला सगळं सांगेन. छातीचा फोटो काढून घेईन. डॉक्टरांना आपणहून सांगेन की मी पळालो, आधी मराठीत आणि मग हिंदीत, म्हणजे पळवाट राहणार नाही. ते ओरडतील तेवढं ऐकून घेईन. सुई म्हणाले तर सुई.

आणि तू पहिला पोहोचला आहेस, तेव्हा नियम तुला सांगायला नको. थांब. मी येईन, पण याही वेळी आपल्या घराचा नंबर शेवटचाच लावायचा माझा विचार आहे.

तुझा, चार बोटं बुटका भाऊ,
नारायण