पहिला मासा गसचा

८ जुलै.
नवी वही, नवा गळ आणि नवा लाईल, म्हणजे मी. स्कूल बस चालवायची सोडून वर्ष झालं, आता सबब उरलेली नाही. संकल्प: रोज पहाटे चारला केनाई नदीच्या काठावर. रोज तीन सॅमन, नियमात बसतात तेवढे. आणि पहिला मासा गसचा.
हा शेवटचा संकल्प सगळ्यात सोपा, उद्याच उरकेल. शेजारच्या गस टारकॅनेनचं वय ब्याऐंशी. मला गळाची काठी धरायला शिकवली ती त्यानेच, तेवीस वर्षांपूर्वी. यंदा त्याचे गुडघे गेले. नदीकडे उतरायला बेचाळीस लाकडी पायऱ्या आहेत. आमच्या काठाचा रिवाज असा, की मोसमातला आपला पहिला मासा घरी शिजवायचा नाही. ज्याला पकडता येत नाही त्याच्या दारात नेऊन द्यायचा. गसने जन्मभर दुसऱ्यांच्या दारात नेला, यंदा त्याच्या दारात मी. तसा शब्दच दिला. म्हातारा खूश. म्हणाला, डोकं तेवढं काढू नकोस रे, मला डोक्याचा रस्सा करायचाय.

९ जुलै.
पहाटे साडेसातला काठावर. गजर चारलाच वाजला होता, पण या वयात शरीराला पहिल्याच दिवशी धक्का देऊ नये. काठ गच्च, खांद्याला खांदा. औषधाच्या दुकानातली डोरीन तिचे तीन मासे पिशवीत भरून निघाली होती. तिची जागा मिळाली. शून्य. कारण: ऊन.

११ जुलै.
शून्य. शेजारच्या टुरिस्टला अर्धा तास शिकवण्यात गेला. हा सॅमन नदीत आला की काही खात नाही. दोरी त्याच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ ओठात बसतो. ओठात बसला तर आपला. पाठीत, पोटात, कुठेही दुसरीकडे लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. कायदाही आहे आणि लाजही. टुरिस्टने ऐकून घेतलं आणि दोन पकडले. शिकवणारा उपाशी राहतो, दुसरं काय.

१३ जुलै.
शून्य. संध्याकाळी गसचा फोन. मी घरी नाही अशी बर्नीला खूण केली. ती फोनमध्ये म्हणाली, हा काय, इथेच उभा आहे, हात हलवतोय. बायको करून घेताना माणसाने हे सगळं विचारात घ्यायला हवं. गस म्हणाला, काही घाई नाही रे, बटाटे आणि कांदे आणून ठेवलेत, मोठं पातेलं घासून ठेवलंय, एवढंच सांगायचं होतं.
रात्री जेवण गेलं नाही. दोनच वेळा वाढून घेतलं.

१५ जुलै.
गस सातपासून खिडकीत बसतो. म्हणून मागच्या खडीच्या रस्त्याने गेलो. तीन मैल जास्त पडतात, पण गाडीची बॅटरी चांगली राहते. शून्य. डोरीन म्हणाली, लाईल, दोरीला शिशाचं वजन कमी लाव आणि झटके देऊ नकोस, पाठीत लागेल कुणाच्या तरी. गोळ्या मोजणाऱ्या बाईने मला नदी शिकवावी!

१८ जुलै, सकाळी ९.
लागला! मासा लागला, म्हणून ओरडलो आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या बारा जणांनी आपापल्या दोऱ्या माझ्यासाठी गुंडाळून घेतल्या. एवढा मान मला बसमध्ये कधी मिळाला नव्हता. मासा आला तो शेपटीकडून आला. गळ पाठीत, पराच्या बाजूला.
डोरीनने विचारलं, तोंडात आहे ना? मी तिच्याकडे पाठ केली आणि हो म्हणालो.
आता शांतपणे विचार केला तर हे खोटंही नाही. मासा गळाकडे वळतच होता. गळ जरा आधी पोहोचला.

१८ जुलै, दुपारी.
पाठीवर भोक दिसत होतं, तेवढा तुकडा कापून काढला. मग लक्षात आलं की ओठात भोक नाही, आणि हे गसच्या नजरेतून सुटणं अशक्य. डोकं नदीत फेकलं. नुसते काप घेऊन गेलो.
गसने दाढी केली होती. टेबलावर कागद पसरून ठेवला होता. म्हणाला, डोकं? म्हणालो, गस, तुमच्या हातांना त्रास नको म्हणून साफ करूनच आणला. त्याने कापावरून बोट फिरवलं. इथला तुकडा कुठे गेला? म्हणालो, सीगलने ओढला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडातच होता ना रे? म्हणालो, अगदी कोपऱ्यात.
त्याने दोनदा थँक यू म्हटलं. एकदाच म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१९ जुलै.
हात तीन साबणांनी धुतले. वास जात नाही. संकल्प: गसला खरं सांगायचं. उद्या.

२० जुलै.
त्याच्या फाटकापर्यंत गेलो. खिडकीत कुणी नव्हतं. माझ्याकडून प्रयत्न झाला.

२१ जुलै.
नवा विचार: आधी एक चोख मासा पकडायचा, मग दोन्ही गोष्टी एकदमच सांगायच्या. शून्य. मला माझीच लाज वाटते. हे वहीत लिहिलं, म्हणजे अर्धी कबुली झालीच.

२३ जुलै.
सकाळी आठला काठावर उभा होतो. मागे पायऱ्यांवर धप, धप. वळून पाहिलं. गस बसूनच एकेक पायरी खाली सरकत होता. पुढे त्याची गळाची काठी घेऊन डोरीन. बेचाळीस पायऱ्या, पाऊण तास. डोरीनने बादली उपडी करून त्याला माझ्या शेजारीच बसवलं.
म्हणालो, गस, मला सांगायचं ना, मी आणलं असतं तुम्हाला. म्हणाला, असू दे रे, तू कामात होतास.
सहाव्या फेकीला तो ओरडला, मासा लागला! सगळ्यात आधी दोरी मी गुंडाळली. मासा तोंडाकडून आला, गळ ओठाच्या कोपऱ्यात. गसने गळ काढला, मासा उचलला आणि डोक्यासकट माझ्या हातात दिला.
म्हणालो, अहो गस, हा तर तुमचा पहिला.
म्हणाला, म्हणूनच. रिवाज आहे.
वर जाताना त्याला डोरीनने आणि दोन टुरिस्टांनी उचलून नेलं. मी बादली नेली.
जेवायला डोक्याचा रस्सा. बर्नी म्हणाली, चव तर चांगली आहे, मग डोळे का पुसतोयस? कांदा, म्हणालो. तिने पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. कांदा तिने घातलाच नव्हता.